जाळीआडचा खर्ज

मित्रांनो, आधी माझी भोके पाहा. मी लोखंडाची जुनी जाळी, पण माझ्यात लोखंड कमी आणि पोकळी जास्त. म्हणून माझी गोष्टही तुकड्यातुकड्यांनी येईल. चालवून घ्या.

पहिला तुकडा आगीचा. व्हेनिसच्या एका लोहाराने मला तापवले, ठोकले, पाने-वेली वळवल्या. मग अनाथ मुलींच्या आश्रमाच्या चर्चमध्ये मला उंच सज्ज्याला बसवले. आत मुली देवाची स्तोत्रे गाणार, खाली गाव ऐकणार. गाणारीचे तोंड दिसू नये, एवढेच माझे काम.

तोंड झाकायला मला केले. आवाज अडवायला नाही.

इथे एक मोठे भोक. त्यातून बरीच वर्षे निसटली.

मग उर्सुला. आश्रमातल्या मुलींना आडनाव नसे; गळा किंवा वाद्य हेच आडनाव. तिला सगळे ‘खर्जवाली’ म्हणत. बाकीचे आवाज वर भिरभिरत आणि उर्सुला त्यांच्याखाली जमीन अंथरी. ती गायली की माझ्या कांबी थरथरत.

परगावचे पाहुणे कुजबुजू लागले, की जाळीआड नक्की पुरुष लपवला आहे. नवे विश्वस्त लुनार्दो ब्रागोलिन शरमले. त्यांनी हुकूम काढला, की खालचे सूर आता ऑर्गन वाजवील आणि उर्सुला धुणीघर सांभाळील.

गायनाच्या बेनेताबाई तिला समजवायला आल्या.

“सणाची प्रार्थना होऊ दे गं. मग बघू.”

“मग म्हणजे कधी, बाई? साबणाच्या पाण्यात गळा विरघळल्यावर?”

“विश्वस्त पहिल्या रांगेत बसणार आहेत.”

“बसू देत. जवळून नीट ऐकू येईल.”

सणाच्या संध्याकाळी ती न बोलावता आली. माझ्यात बोटे अडकवून उभी राहिली. ऑर्गनवर बसलेल्या काते नावाच्या मुलीने तिला पाहिले आणि खालच्या सुरांवरचा हात गुपचूप उचलला. उर्सुलाने ती जागा भरली.

चर्चमध्ये टाळीला बंदी होती. गाणे आवडले की आमचे लोक खोकत, नाक शिंकरत, खुर्च्या घासत. ब्रागोलिन गाणे थांबवायला ताडकन उठले, हात वर केला, तोंड उघडले. पण कालव्यावरचे धुके त्यांच्या छातीत बसले होते. शब्दाऐवजी खोकल्याची उबळ आली.

गावाला वाटले, विश्वस्त खूश. एक नावाडी खोकला. मग मासळीवाल्या, मग सगळे चर्च. ब्रागोलिन खोकतच हात हलवून नाही नाही अशी खूण करू लागले. लोकांना वाटले, एवढ्याने त्यांचे समाधान झालेले नाही. खोकल्याचा कल्लोळ झाला.

बाहेर पडताना एक म्हातारी सरदारीण त्यांना म्हणाली, “सिन्योर, इतक्या मोकळ्या मनाचा विश्वस्त आम्ही पाहिला नव्हता.” धुणीघराचा विषय पुन्हा निघाला नाही.

वर उर्सुला बेनेताबाईंना सांगत होती, “त्यांना काढा पाठवा. पण अगदी बरे नका करू.”

शेवटचा तुकडा आताचा. आश्रम कधीच मिटला. मी मात्र सज्ज्यावर आहे. मला देखणी करायला रंगारी येतात, थरावर थर चढवतात आणि माझी भोके बुजवतात. मित्रांनो, माझी काळजी घ्यायची असेल तर तो रंग खरवडा. गंज मला परवडेल. आणि तुमच्यातल्या कुणाचा गळा वेगळा निघाला, तर त्याला धुणीघराची वाट दाखवू नका.

अजून काही भोके उघडी आहेत. खर्जाला तेवढी पुरतात.