मिटलेलं प्रवाळ

सोमवारपासून प्रवाळ मिटून बसलं होतं आणि रविवारी ताई येणार होती. भिंगरी दिवसातून दहादा टाकीत डोकावत होती.

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी एका जागी बसेल तर शपथ, म्हणून बाबांनी ठेवलेलं. पुढे तिने चष्म्याचं दुकान थाटलं, केस पिकायला लागले, तरी ताईच्या तोंडी तेच. बाबा गेले तेव्हा त्यांची खाऱ्या पाण्याची, जिवंत प्रवाळांची काचेची टाकी ताईने नेली. "हिच्याकडे दिली तर हलवून हलवून आठवड्यात सगळी प्रवाळं मारेल," असं ती चारचौघांत म्हणाली. तेव्हापासून दोघी बहिणींचं बोलणं जे बंद झालं ते झालंच. खरं ते बोललं गेलं होतं, म्हणून तर इतकं झोंबलं.

आता ताईचे गुडघे गेले होते, पाण्याच्या बादल्या उचलवेनात. तिने टाकी मोडायची ठरवली, एका दुकानदाराशी बोलून ठेवलं, आणि मग काय वाटलं कोण जाणे, भिंगरीला फोन केला. "नवी टाकी लाव. आधी नुसतं पाणी फिरू दे, मी सांगेपर्यंत आत काही घालायचं नाही. मग प्रवाळाचा एक तुकडा देते. तो रुळला तर बाबांची सगळी प्रवाळं तुझी. नाहीतर दुकानदाराची."

भिंगरीने मन मारून वाट पाहिली. रिकाम्या टाकीत महिनोन्‌महिने नुसते दगड आणि बुडबुडे. "पाहुण्यांना काय सांगू," नवरा म्हणायचा, "आम्ही पाणी पाळलंय?"

शेवटी तुकडा आला. हिरवी गुबगुबीत बोटं पसरून असा छान उघडला की भिंगरी डबा खायला दुकानातून घरी यायला लागली. आणि मग या सोमवारी बोटं आत गेली ती गेलीच.

भिंगरी ती, बसते थोडीच. तिने दिवा मंद केला. फारच अंधार वाटला म्हणून वाढवला. पंपाचं तोंड भिंतीकडे फिरवलं. तुकडा खालून वर ठेवला, वरून कोपऱ्यात. नळ्यांमध्ये पाणी घेऊन, रसायनाचे थेंब टाकून तपासलं. सगळे रंग जसे हवेत तसे. कसलंसं औषध आणून तेही ओतलं. शुक्रवारी तुकड्याच्या कडेला मांस आकसून पांढरा सांगाडा डोकावला. तुकडा मेला तर ताई भांडणार नाही. "बरं" म्हणेल आणि निघून जाईल, कायमची. भांडण परवडलं असतं.

शनिवारी दुकानात एक गिऱ्हाईक डोळे तपासायला बसलं होतं. भिंगरीने काच बदलली. "आता बरं दिसतंय, की मघाशी?"

"अहो बाई, दोन्ही डोळ्यांच्या काचा एकदम बदलल्यात," तो वैतागला. "मला कसं कळणार कशाने काय झालं?"

भिंगरीने हातातली काच खाली ठेवली. इतक्या वर्षांत ही चूक तिने कधी केली नव्हती. दुकानात एका वेळी एकच काच; आणि घरी आठवडाभर दिवा, पंप, औषध, जागा, सगळं एकदम! तिने त्या माणसाची माफी मागून त्याला नीट तपासलं आणि दुकान बंद केलं.

घरी येऊन तिने दिवा, पंप, जागा सगळं आधी होतं तसं केलं. मग एकेक गोष्ट घेतली. मोजायची राहिली होती ती एकच, मीठ. टाकी लावताना ते तिने स्वतः मोजलं होतं, आणि आपलं माप चुकत नाही असा तिचा तोरा. तिने खारटपणा मोजायच्या, दुर्बिणीसारख्या नळीच्या काचेवर पाण्याचा थेंब ठेवला आणि डोळा लावला. रेघ भलतीच खाली. समुद्राचं पाणी अळणी झालं होतं.

"मीठ गेलं कुठे?" ती ओरडली.

नवरा दारात येऊन डोकं खाजवायला लागला. "मी दुपारी जरासं साधं पाणी घालतो रोज. वाफ होऊन कमी होतं ना? तू घाईत विसरतेस, म्हणून."

"अरे, मी सकाळी घालते! आणि संध्याकाळी पाणी खुणेच्या वर दिसतं, म्हणून तांब्याभर काढून मोरीत ओतते!"

वाफेबरोबर मीठ जात नाही, पण मोरीत ओतलेल्या पाण्याबरोबर जातं. रोज तांब्याभर समुद्र मोरीत.

"सांगितलं का नाहीस?"

"तू चिडली असतीस."

"मग आता काय करतेय?"

तिने बादलीत खारट पाणी कालवलं. आत्ता ओतलं तर उद्या ताई येईपर्यंत तुकडा बोटं काढेल कदाचित. ताई खूश होऊन जाईल. पण एवढा झटका त्या आकसलेल्या जिवाला सोसायचा नाही. तिने बादली टाकीवर तिरकी धरली, आणि पुन्हा सरळ करून शेजारच्या उंच स्टुलावर ठेवली. मग तिने बारीक नळी आणली, तिला गाठ मारली आणि थेंब थेंब सोडायला सुरुवात केली. या वेगाने आठवडा तरी लागणार होता.

रविवारी ताई काठी टेकत थेट टाकीपाशी गेली. नवरा चहाचं निमित्त करून आत सटकला.

"मिटलंय," ताई म्हणाली.

"हो." भिंगरीने सगळं सांगितलं, मोरीसकट.

ताईने नळीतून पडणारे थेंब पाहिले. बादलीत बोट बुडवून चाखलं. "हे काल ओतून टाकलं असतंस तर आज उघडलेलं दिसलं असतं मला."

"दिसलं असतं. आणि तू गेल्यावर मेलं असतं." भिंगरीने नळीची गाठ चाचपली. "मिटलेलंच बघ तू. द्यायची ती दुकानदाराला देऊन टाक. पण याला मी आता घाई करणार नाही."

ताईने पर्समधून फोन काढून दुकानदाराला लावला. "हां, मी बोलतेय. गाडी पाठवू नका. नाही, विकायची नाहीत." फोन ठेवून ती हळूच खुर्चीत टेकली. "सगळी एकदम द्यायची नाही हं मी. एकेक आणीन. आधीचं उघडल्याशिवाय पुढचं नाही."

"अगं, तुझे गुडघे? एवढ्या खेपा घालणार? आणि तोवर तिकडच्या बादल्या?"

"त्या उचलायला तू येशील की," ताई म्हणाली. "का, घाई आहे तुला?"

भिंगरीने मानेनेच नाही म्हटलं. ती खुर्ची ओढून ताईशेजारी बसली.