डबा आत गेला होता

"'कुणीतरी कळवलं असेल' म्हणू नकोस, पोरी. उभा जन्म इंग्रजी शिकवलं मी. 'कुणीतरी' हा शब्द फार लबाड. म्हटला की माणूस आल्यासारखं वाटतं, आणि खुर्ची रिकामीच असते."

गल्लीतला दिवा गेला होता, त्यावरून शेजारी एकट्याच राहणाऱ्या मिसेस ओल्ड्रॉइड हे बोलल्या होत्या. टॅमसिन हसून घरात गेली. मास्तरीण ती मास्तरीणच, तिला वाटलं.

त्या आठवड्यात तिच्या तान्ह्या लेकीला, ईडिथला, ताप होता. टॅमसिनने उंबरा ओलांडला नव्हता, पण खिडकीतून बाईंच्या दाराकडे नजर जायची. कचऱ्याची गाडी गेल्यावर फुटपाथवरचा त्यांचा चाकांचा कचऱ्याचा डबा आत, दाराशेजारच्या भिंतीपाशी गेला होता. म्हणजे बाई हिंडत्याफिरत्या आहेत. इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सच्या या चढावरच्या गल्लीत कारणाशिवाय कुणी कुणाचं दार वाजवत नाही. खुशाली डब्यावरूनच कळते.

शनिवारी ईडिथला खांद्यावर थोपटताना तिला दिसलं, डब्याची मूठ भिंतीकडे होती. बाईंचा खांदा दुखरा. त्या मूठ नेहमी बाहेर ठेवत.

म्हणजे डबा बाईंनी ठेवलाच नव्हता. पोरीला शालीत गुंडाळून ती समोरच्या मिस्टर गार्साइडकडे धावली.

"बाईंना पाहिलंत का हो?"

"नाही बुवा. का?"

"मग त्यांचा डबा?"

"तो मीच काढतो आणि मीच ठेवतो. माझा नेताना त्यांचाही नेतो. चढावर तेवढाच व्यायाम."

"आणि दार नाही वाजवलंत?"

"उगाच कशाला त्रास? म्हटलं, येत असेल कुणीतरी. भाची-बिची." त्यांनी हातातला चहाचा कप उंबऱ्यावर ठेवला. "तू शेजारीच राहतेस, टॅमसिन. मला वाटलं, तू जातेस."

"आणि मी तुमच्या डब्याच्या भरवशावर बसले."

दोघं रस्ता ओलांडून धावले. टॅमसिनने दारातल्या, पत्रं टाकायच्या फटीची झडप वर केली. आतून थंडगार हवा आली. "मिसेस ओल्ड्रॉइड!"

ईडिथ किरकिरायला लागली. टॅमसिनने तिचं तोंड छातीशी दाबलं आणि कान झडपेला लावला.

टक. मग पुन्हा टक. फरशीवर चमचा आपटावा तसं.

गार्साइडनी खांद्याच्या धडकेने दार उघडलं. स्वयंपाकघरात बाई आडव्या पडल्या होत्या, पाय वाकडा, अंगावर खुर्चीवरून ओढलेला कोट. ओठ कोरडे ठक्क.

"कुणीतरी आलं वाटतं," त्या पुटपुटल्या.

"कुणीतरी नाही हो, मी आहे. टॅमसिन." तिने त्यांचा हात धरला आणि रुग्णवाहिका येईपर्यंत सोडला नाही.

बाई वाचल्या, पण टॅमसिनची धाकधूक गेलेली नाही. आता भेटेल त्याला ती अडवते, आणि तुम्हालाही सोडणार नाही. तुमच्या शेजारचं एक दार आठवा. तिथल्या माणसाचं नाव आठवा. डबा, दिवा, पडदा बघून परतू नका. आत्ता उठा, दार वाजवा, आणि त्यांचा आवाज ऐकल्याशिवाय मागे फिरू नका.