निळी घ्यावी की चंदेरी

मिनेसोटातल्या आमच्या गावी व्हर्ना हाल्व्हर्सन ही माझी शेजारीण. चाळीस वर्षं शाळेचं ग्रंथालय सांभाळलं, वय एकाहत्तर, नवरा गेल्यापासून एकटीच. ऑक्टोबरात तिच्या गाडीवर हरीण आदळलं. हरीण उठून चालतं झालं, गाडी मात्र भंगारात गेली.

गावात तेव्हा दोनच बऱ्या जुन्या गाड्या विकाऊ होत्या. एक निळी, निवृत्त पाद्र्यांची, सहा सिलिंडरची. दुसरी चंदेरी, दंतवैद्याच्या बायकोची, चार सिलिंडरची, पण इंजिनाचा जोर चारही चाकांना देणारी. व्हर्ना आपली आपण बघून घेणार होती. पण तिचा भाऊ आर्लन आणि दीर ड्वेन यांच्या कानावर गेलं आणि झालं! आर्लनने जन्मभर इंजिनं दुरुस्त केली, ड्वेनने ट्रॅक्टर विकले. बटाट्याच्या सॅलडमध्ये मोहरी घालावी की नाही, यावरही या दोघांचं कधी जमलेलं नाही.

आर्लनचं सगळं मन निळीवर. तिची अश्वशक्ती अडीचशेच्या वर, चंदेरीची जेमतेम एकशे सत्तर. ड्वेन म्हणे, घोडे काय चाटायचेत? चंदेरी गॅलनला तीस मैल देते, निळी एकविसावरच धापा टाकते. चार दिवस दोघे व्हर्नाच्या स्वयंपाकघरात ठाण मांडून होते. फ्रिजवर तक्ते चिकटले, बिस्किटांचे दोन डबे रिकामे झाले. गाडी कुणाला हवी आहे, हे दोघेही विसरले होते.

शेवटी व्हर्ना म्हणाली, "रविवारी दोन्ही गाड्या मागून आणा. आर्लन, तू चंदेरी चालवायचीस. भावजी, तुम्ही निळी. म्हणजे लबाडी नको."

चर्च सुटल्यावर आम्ही धान्याच्या कोठारामागच्या मोकळ्या रस्त्यावर जमलो. घड्याळ माझ्या हातात होतं. ताशी साठ मैलांचा वेग गाठायला निळीला सात सेकंद लागले, चंदेरीला साडेनऊ. मग खडीचा चढ. त्यावर आदल्या रात्रीचं बर्फ होतं. चंदेरी शेळीसारखी वर गेली. निळी अर्ध्यावर जागच्या जागी चाकं फिरवत राहिली आणि मग निमूट मागे आली.

ड्वेन निळीतून उतरला तेव्हा वेगाच्या नशेने त्याचे कान लाल झाले होते. "वहिनी, खरं सांगू का," तो म्हणाला, "गॅलनचं काय घेऊन बसलात? तुम्हाला जायचंय तरी किती लांब? ही निळीच घ्या."

तेवढ्यात आर्लन चढावरून परत आला. उतरून त्याने चंदेरीच्या बॉनेटवर थाप मारली. मग म्हणाला, "ताई, थंडीत हीच तुला घरी आणील. घोड्यांना घाल चुलीत."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि भांडण पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. आकडे तेच, फक्त तोंडं बदललेली.

व्हर्नाने काही ते ऐकलं नाही. ती निळीत बसली. बसली कसली, विहिरीत उतरावं तशी खाली गेली. बाहेर यायला माझे दोन्ही हात लागले. मग चंदेरीत बसली, उठली, पुन्हा बसली. पर्समधून विणकामाची मापाची फीत काढून तिने जमिनीपासून सीटपर्यंतची उंची मोजली.

"स्वयंपाकघरातल्या खुर्चीएवढी," ती मला हळूच म्हणाली. "किती घोडे ते सगळे छापतात, गुडघ्यांचं कुणी छापत नाही. दोन वर्षं झाली, गाडीतून नीट उतरता येत नाही म्हणून मी लांब कुठे जात नाही. यांना सांगितलं असतं तर गुडघ्यांचेही तक्ते केले असते."

चंदेरी तिने त्याच दुपारी घेतली. आर्लन म्हणाला, मीच सांगितलं होतं. ड्वेन म्हणाला, सगळ्यात आधी मी सांगितलं होतं. दोघांचंही खरंच होतं, त्यामुळे ते आठवडाभर पुरलं.

मंगळवारी व्हर्नाचा फोन आला. ती डुलुथला होती, दीडशे मैलांवर, एकटी. सरोवराच्या काठावर बसून धुरी देऊन शिजवलेला मासा खात होती. वारा फार होता, तिचं निम्मं बोलणं मला ऐकूच आलं नाही.