खालचा पाटकरी

कुंडलिक निमगाव केतकीजवळच्या फाट्यावर पाटकरी होता. वरच्या चौकीचा निरोप आला की कालव्याचं दार उचलायचं, एवढंच काम. पण रुबाब मामलेदाराचा. छत्तीस सालच्या उन्हाळ्यात हा माणूस तीनदा उभ्याउभ्या कोसळला. गावानं फेफरं ठरवलं आणि दरवेळी नाकाला वहाण लावली. तो मिनिटाभरात उठून बसे, आणि श्रेय वहाणेला मिळे.

त्याच्या बायकोला, रंगूबाईला, हे पटेना. कुठलीही गोष्ट जवळ जाऊन बघितल्याशिवाय तिला चैनच पडत नसे. दुपारी नवरा आडवा झाला की ती त्याच्या गळ्याकडे टक लावून बसे. शेवटी तिनं बैलगाडी जुंपायला लावली आणि त्याला बारामतीला मोहनराव डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी मनगट धरून घड्याळ बघितलं. "मिनिटाला बत्तीस. फारच सावकाश."

"मनगटात सावकाश, पर गळ्याच्या शिरंत बघा की," रंगूबाई म्हणाली. "तितं बिगीबिगी लवतंय. बोटाला लागत न्हाय, डोळ्याला दिसतंय."

एवढ्या शिकलेल्या माणसाला हे ऐकणं जरा जिवावर आलं. तरी ते वाकले. शहात्तर मोजले, पुन्हा मोजले, आणि खुर्ची ओढून तिच्यासमोरच बसले. पाटीवर त्यांनी हृदयाचे चार कप्पे काढले. वरच्या उजव्या कप्प्यात एक ठिपका. ठोका इथं सुरू होतो. मधल्या पडद्याशी एक बारीक गाठ. गाठीतून खाली उतरणारा दोरा, त्याचे दोन फाटे, आणि खालच्या कप्प्यांच्या भिंतीभर पसरलेले तंतू. या वाटेनं विजेसारखा हुकूम जातो, म्हणाले. "यांचा हा दोरा खराब झालाय. वरचे कप्पे वेळेवर चालतात, तेच तुम्हाला गळ्यात दिसतं. हुकूम खाली पोचत नाही."

"मग खालचं चालतं कुणाच्या जिवावर?"

डॉक्टरांना हा प्रश्न फार आवडला. पण उत्तर कुंडलिकनंच दिलं. "आमच्यात बी तसंच हाय. वरचा निरोप आला न्हाय तर मी वाट बघतो, अन् आपल्या मनानं दार उचलतो. उशीर हुतो, पर पाणी जातं."

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाले.

"अन् खालचा बी निजला तर?" रंगूबाईनं विचारलं.

डॉक्टरांनी पाटी बाजूला ठेवली. "तेव्हाच हे पडतात. यावर खात्रीचं औषध नाही, बाई. पण मनगट बंद असेल आणि गळ्यात हालचाल दिसत असेल, तर छातीवर डाव्या बाजूला मुठीनं ठोके द्या. एकसारखे, फार जोरात नाही. कधीकधी खालचा जागा होतो."

भाद्रपदात कुंडलिक अंगणातच पडला. धाकटा भाऊ दत्तोबा धावला, त्यानं उजवं मनगट दाबून बघितलं आणि मान खाली घातली. शेजाऱ्यांना तेवढं पुरलं. कुणी हंबरडा फोडला, कुणी तुळशीचं पान आणून तोंडात ठेवलं.

परड्यातून रंगूबाई धावत आली. ती आधी गळ्यावर वाकली. शीर लवत होती.

"वरचा जागा हाय," ती म्हणाली आणि मुठीनं छातीवर ठोके देऊ लागली.

दुःखानं बाईला वेड लागलं असं समजून दोघीजणी तिला ओढू लागल्या. तिनं त्यांना झिडकारलं. "भावजी, मनगट सोडू नका."

दत्तोबानं नाइलाजानं पुन्हा बोटं ठेवली, आणि त्याचा चेहराच बदलला. "लागतंय, वैनी. तुमी मारता तवा लागतंय."

ती मोजून ठोके देत राहिली. चाळिसाच्या पुढं केव्हातरी दत्तोबा म्हणाला की आता मधल्यामधे आपलं आपणच लागतंय. ती थांबली. कुंडलिकनं डोळे उघडले, तोंडातलं पान काढून पाहिलं, भोवतीची गर्दी पाहिली.

"कोण गेलं?" त्यानं हळूच विचारलं.

"कुणी न्हाय," रंगूबाई म्हणाली. मूठ तिनं त्याच्या छातीवरच ठेवली होती. ती काढायची तिला भीती वाटत होती.