सतरा नंबरची पाटी

थोरल्या लेकीला मुलगा झाला, त्याच वर्षी बंद पडलेल्या रेल्वे डेपोचं संग्रहालय झालं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी म्हातारा आत शिरला. या डेपोत त्याने हयातभर हातोडीने चाकं ठोकून आवाजावरून तडे ओळखले होते. आता तो भिंतीवरचा इतिहास बोट ठेवून वाचत होता. अक्षरं मोठेपणी शिकलेला, त्यामुळे वेळ लागत होता.

‘एकच अपघात. डब्याखाली शिरताना फिटरने ‘खाली माणूस आहे, डबा हलवू नका’ ही लाल पाटी लावली नव्हती.’

खाली काचेत चौकशीचा कागद, त्यावर साक्षीदाराचा अंगठा. त्याचाच. आणि फिटर त्याचा धाकटा भाऊ.

"कुणी लिहिलं हे?"

"मी." मागे जुना फोरमन उभा होता. आता इतिहास समितीचा अध्यक्ष. "तुला कधीपासून वाचता यायला लागलं रे?"

"तुम्ही अंगठा घेतलात तेव्हापासून. पुन्हा कुणी घेऊ नये म्हणून."

"साक्ष तूच दिलीस."

"पाटी लावलेली होती, असं सांगितलं मी. गाडीला उशीर होतोय म्हणून तुम्ही काढलीत. ज्यानं लावली त्यानंच काढायची, हे तुम्हीच आमच्याकडून घोकून घेतलंत ना? कागदावर काय खरडलंत, मला काय कळणार?"

"पुरावा?"

म्हाताऱ्याने पिशवीतून पत्र्याची लाल पाटी काढली. नंबर सतरा, भावाचा. "डेपोला कुलूप लागलं, त्या दिवशी तुमच्या खणात सापडली."

"असलं भंगार ढिगानं मिळतं. नीघ. उद्या मोठे साहेब येणार आहेत, तमाशा नको."

"तमाशा तर तुम्हीच काचेत मांडलाय."

उद्या ओढून दाखवायचा डबा रुळावर सजून उभा होता. म्हाताऱ्याने पाटी त्याच्या जोडणीच्या हुकाला अडकवली.

"काढ ती!"

"नाही काढत."

फोरमनने हात पुढे केला. डब्याला रंग देणारा रंगारी जुन्या कामगारांपैकीच. त्याने ब्रश खाली ठेवला.

"परत काढताय, साहेब?"

हात तिथेच थांबला, मग खाली आला.

म्हाताऱ्याने खिशातून खडू काढला. नादुरुस्त डब्यावर तो फुली मारायचा, तसला. डब्याच्या ओल्या रंगाला धक्का न लावता, खाली पोलादी चौकटीवर त्याने एकेक अक्षर सावकाश लिहिलं:

माझा भाऊ, फिटर, माझी थोरली जन्मली त्या वर्षी, सोमवारी सकाळी सव्वादहाला मेला. पाटी लावलेली होती.