चंद्रीला सांगून मोंबासाला

"पाटील, फोटो तथा नही, तुमना हातमा शे," फत्तेसिंग हवालदार म्हणाला.

गिरधर पाटलांनी फोटो हातभर लांब धरला होता आणि नजर समोरच्या कॅलेंडरवर ठेवली होती. कॅलेंडरवर एक धष्टपुष्ट बैल होता. बैलाकडे पाहूनच ते म्हणाले, "मी काय सांगू? मी हाई बाईनं तोंड कधी देखेल नही."

हवालदाराने चहाची बशी खाली ठेवली. "मस्करी करतस का? तुमनी भावजाई शे ती. तुमनाच घरमा ऱ्हास."

"ऱ्हास. पन तोंड देखेल नही."

मस्करी नव्हती. तापीबाई लग्न होऊन या घरात आल्या, तेव्हापासून थोरल्या दिरापुढे त्यांचा पदर हनुवटीच्या वर कधी गेला नव्हता. तापीकाठच्या गुजर घरांचा तो रिवाज. गिरधर पाटील उंबरठ्याबाहेर खाकरायचे, पदर खाली येईल एवढा वेळ थांबायचे आणि मगच पाऊल आत टाकायचे. दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही, हेही त्यातच आलं. पण एका घरात राहायचं म्हणजे बोलण्यावाचून भागत नाही. आधी मधे नथ्थू होता, म्हणजे पाटलांचा धाकटा भाऊ आणि तापीबाईंचा नवरा. तो गेला. मग पाटलीणबाई गेल्या. तापीबाईंचा मुलगा चुनीलाल बायको आणि धाकट्या पोरांना घेऊन आफ्रिकेत, मोंबासाला गेला. राहिली त्याची थोरली मुलगी रंजना. ती दिवसभर शाळेत. तेव्हा निरोप्याचं काम हळूहळू चंद्रीकडे आलं. चंद्री म्हणजे ओसरीलगतच्या गोठ्यातली म्हैस.

"चंद्री, सांगी दे, ताट वाढेल शे."

"चंद्री, सांग तिले, भाजीमा मीठ जास्ती व्हई गय."

चंद्रीने एकही निरोप कधी वाढवून सांगितला नाही. गावातल्या दुसऱ्या कुठल्याही मध्यस्थाबद्दल असं म्हणता येत नाही.

तर चुनीलालचं पत्र आलं होतं. रंजना मोठी झाली, तिला आमच्याकडे पाठवा. आणि आई, तूच तिला घेऊन ये, वर्षभर राहा, पुढल्या कपाशीला परत जा. तापीबाईंनी मुलाला पाहून नऊ वर्षं झाली होती. त्या दिवसापासून घरात मोंबासाशिवाय विषय नव्हता. रंजना शाळेचा नकाशा आणून ओसरीवर पसरायची आणि समुद्रावर बोट फिरवायची. आजीला शंका फार.

"बोटवर तुयस राही का?"

"तुळस कसाले, आजी?"

"एकादशीले काय करशी मंग? आनि बोट रातले कोठे थांबस?"

"थांबत नही."

"मंग जेवन कवय करतस ते लोक?"

ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या वाळवून दोन डबे भरले. भाकरीसाठी कळण्याचं पीठ दळून झालं. देवीची लस टोचायला कंपाउंडर आला, त्याच्यापुढे पदराबाहेर फक्त दंड काढला गेला. अडलं ते पासपोर्टच्या फोटोपाशी. नंदुरबारच्या फोटोवाल्याने पहिला फोटो काढला, त्यात पदर अप्रतिम आला होता, काठाच्या वेलबुट्टीसकट. पण सरकारला पदर मोंबासाला पाठवायचा नव्हता. दुसऱ्या खेपेला फोटोवाला काळ्या फडक्यात शिरल्यावर रंजनाने मागून पदर ओढून धरला, तेव्हा कुठे तोंड उमटलं.

आणि आता तेच तोंड गिरधर पाटलांच्या हातात होतं. ते नुसते मोठे दीर असते तर निभावलं असतं. ते गावचे पोलीस पाटील होते, आणि अर्जातली बाई ती हीच, असं पोलीस पाटलाने सांगायचं होतं. पाटलांनी खोटी सही उभ्या जन्मात केली नव्हती. एकदा तर मेलेल्या माणसाला मेला म्हणायलाही ते तयार झाले नाहीत, कारण ते पोहोचले तेव्हा चिता पेटलेली होती.

"दुसरं कोन्ही वळखी का?" फत्तेसिंगने विचारलं. "शेजारनी बाई?"

"सही पाटीलनी लागस. बाईनी नही."

दाराआडून रंजना ताडकन बाहेर आली. पंधरा वर्षांची, नाकाचा शेंडा लाल झालेला. "आबा, सरळ सांगा ना! तुम्हले आम्हले जाऊ देनं नही. आम्हू गयात म्हंजे घर सुनं पडी, म्हनीसन हाई नाटक!"

ती म्हणाली ते अगदीच खोटं नव्हतं, आणि खोटं नसलेल्या गोष्टीला नाही म्हणायची पाटलांना सवय नव्हती. ते म्हणाले, "घर सुनं पडी, ते खरं शे. पन तेन्हा सहीशी काही संबंध नही."

फत्तेसिंगने कागद गुंडाळायला घेतले. "मंग मी लिखस, वळख पटनी नही."

आत बांगड्या वाजल्या. तापीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, पदर छातीपर्यंत ओढलेला. गोठ्याकडे तोंड करून त्या बोलल्या. आवाज बारीक होता, पण थरथरत नव्हता.

"चंद्री, सांगी दे. मन्हा आंडोरले, चुनीलालले, देखाले मिळी, ते मी पदर उचलसु."

त्यांचा हात पदराच्या काठाकडे गेला.

गिरधर पाटलांची अशी गाळण फौजदारापुढेही कधी उडाली नव्हती. "नको! चंद्री, सांग तिले, नको!" दाराकडे पाहायचं नाही म्हणून त्यांनी मान वळवली. बैलाकडे वळवावी तर मधे रंजना उभी. उरला हातातला फोटो. घाबरलेली नजर तिथे जाऊन पडली आणि तिथेच राहिली.

फोटो जवळ आला. मग आणखी जवळ.

"हाऊ ते चुन्या शे!"

"कोन?" फत्तेसिंग म्हणाला.

"चुनीलाल! हाई कपाय देख. हाऊ ओठ देख, रुसना म्हंजे असाच वर जास. खांदावर बसाडीसन मी तापीवर लई जाऊ तेले." गिरधर पाटलांचं बोट फोटोवर फिरत होतं. "बठं गाव इचारे, पोऱ्या कोनावर गया? नथ्थूवर नही, मन्हावर नही. मी तरी काय सांगतू?"

त्यांनी फोटो खाली ठेवला, सावकाश, तो चुरगळू नये अशा काळजीने. मग कागद ओढून घेतला आणि सही केली. सही नेहमीसारखीच आली, फक्त शेवटची रेघ जरा लांबली.

"चंद्री," ते म्हणाले, "सांग तिले, पदर ऱ्हाऊ दे. वळख पटनी."

पदराच्या काठावरचा हात खाली आला. रंजना आबांच्या गळ्यात पडली. पाटलांच्या खानदानात हेही रिवाजाबाहेरचं होतं. फत्तेसिंगने निवलेला चहा बशीत ओतून, गरम असल्यासारखा फुंकर मारून प्याला.

पासपोर्ट आले. निघायच्या दिवशी नंदुरबार स्टेशनापर्यंतची बैलगाडी पाटलांनी स्वतः हाकली, अर्थात पाठ मागे आणि तोंड बैलांकडे ठेवून. सुरतेची गाडी फलाटाला लागली. रंजना पाया पडली. तापीबाईंनी चार हात लांबून फलाटाला हात लावून नमस्कार केला आणि दोघी डब्यात चढल्या. चंद्री बरोबर आणता आली नव्हती, तेव्हा रंजनावरच भागवायचं होतं.

"रंजना, सांगी दे, बिबड्यासना एक डबा घरमा कोठीवर शे. आनि शेजारनी मंगलाबाई दोन्ही येळ भाकर लई येई."

गिरधर पाटील फलाटावरच्या कंदिलाच्या खांबाकडे पाहत होते. "सांग तिले," ते म्हणाले, "चुन्याले डोया भरी देखी ले. मन्हा वाटानं बी."

गाडी हलली. खिडकीतला पदर होकारार्थी हलला.

ते परत आले तेव्हा उन्हं कलली होती. त्यांनी बैल सोडले, चंद्रीपुढे पेंढी टाकली, हातपाय धुतले आणि उंबरठ्याशी आले. घराला कुलूप होतं. ते काढलं. दार ढकललं.

मग ते खाकरले, पदर खाली येईल एवढा वेळ बाहेर थांबले, आणि आत गेले.