न शिवलेला खिसा

"कात्री खाली ठेव, शकू! तो सदरा सदूचा हाय."

राहीबाई एवढ्यांदा ओरडली की ओट्यावर बसलेली मीसुद्धा दचकले. तिच्या सुनेच्या हातात निळ्या चौकड्यांचा सदरा होता. ट्रंकेतली जुनी कापडं उपसताना तो वर आला असावा.

"चुकून आला, आत्याबाई."

"चुकून बी कात्री लागता कामा नये. परगावी गेलेल्या मानसाचं कापड फाडतात व्हय? परत आला म्हंजे घालंल काय तो?"

शकूनं सदऱ्याची घडी घातली आणि मुकाट्यानं ट्रंकेच्या तळाशी ठेवली.

परत आला म्हंजे! सदू मुंबईला गेला तो बहात्तर साली, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सहा महिने पत्रं आली, मग तीही बंद झाली. मी सांगते आहे तो एक्याऐंशीचा फेब्रुवारी. नऊ वर्षं शकू सासूजवळ राहिली, लोकांच्या शेतात राबली आणि संध्याकाळी तिच्या गोधड्यांना कापडं कापून देत बसली.

मी वरंधच्या शाळेत मास्तरीण होते. राहीबाईच्या घराला लागूनच माझी खोली. सुई हातात घेतली की ती माझ्या बोटातच घुसते, पण राहीबाईला शिवताना बघायला मला फार आवडायचं. दिवसभर वाकून वाकून कंबर मोडलेली ही बाई घरी आल्यावर पाठ टेकायचं सोडून जुनेर पसरून बसायची. हौस म्हणा, खूळ म्हणा. वाडीतल्या घराघरात तिची एक तरी गोधडी होती. मोबदल्याचं विचारलं तर अशी शिवी हासडायची की विचारणारा पुन्हा त्या वाटेनं जायचा नाही.

पण तिचे नियम फार कडक. बाळाच्या गोधडीत आजीचं लुगडं हवंच. वारलेल्याचं कापड गोधडीच्या मधोमध लावायचं, आणि सदरा असेल तर खिसा तसाच ठेवून त्याचं तोंड शिवून टाकायचं. "मेल्यावर काय ठेवनार त्यात?" ती म्हणायची. अंगणाच्या दगडी गडग्यावर गोधडी वाळत पडली की वाडीतल्या बायका ती बघून कुणाचं काय झालं ते ओळखायच्या. मी वर्तमानपत्र वाचते तशीच ती त्यांची वाचायची रीत होती.

त्याच महिन्यात शकूसाठी पोलादपूरकडून विचारणा आली. श्रीपत नावाचा गवंडी, बायको वारलेली, माणूस निर्व्यसनी. त्याच्या माणसांची अट एकच होती. नवरा जिवंत असलेली बाई नको. सासूनं चारचौघांत सांगावं की लेक गेला, मग आम्ही उद्या येतो.

राहीबाई ते सांगायला तयार नव्हती. आणि सासू म्हणते तो येणार, म्हणून शकूही तयार नव्हती. सत्तावीस वर्षांची पोर! माझा तोंडाळपणा सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. मी सरळ जाऊन म्हटलं, "राहीबाई, नऊ वर्षांत ज्याला आईची आठवण झाली नाही तो मेलाच असणार. त्या पोरीला कशाला जिवंत गाडताय?"

"तुमच्या शाळंत आईशी असं बोलायला शिकवतात काय?" एवढंच ती म्हणाली. पुढे कितीतरी दिवस ती माझ्याशी बोलली नाही. बोलली ती वीस मार्चला. त्या दिवशी आमची सगळी वाडी महाडला जाते.

शकूला ताप होता म्हणून ती घरी राहिली. चवदार तळ्यावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. गर्दीत चुकू नये म्हणून राहीबाईनं माझा हात धरला होता. एकाएकी तिची बोटं माझ्या मनगटात रुतली. समोर एक जाडसर माणूस फुगेवाल्याशी घासाघीस करत होता. त्याच्या खांद्यावर चार-पाच वर्षांची मुलगी होती.

"सदू," राहीबाई म्हणाली. ओरडली नाही. नुसतं नाव घेतलं.

तो वळला आणि पांढराफटक पडला. "आई…"

"जिता हायस."

"चेंबूरला असतो. येनार व्हतो गो. पन कंच्या तोंडानं येऊ?"

"शकूचं काय?"

त्यानं मान खाली घातली. खिशातून एस.टी.चं तिकीट काढलं, त्यामागे घाईघाईनं पत्ता लिहिला आणि आईला वाचता येत नाही म्हणून माझ्या हातात कोंबला. "काय बरंवाईट झालं तर कळवा बाई," म्हणाला. तेवढ्यात एक बाई गर्दीतून वाट काढत आली. अंगावर नवी पांढरी साडी, हातात पाण्याची बाटली.

"कोण आहेत ओ या?" तिनं विचारलं.

सदूनं आईकडे पाहिलं, मग बायकोकडे. "कोन नाय. गाववाली हाय," तो म्हणाला.

त्याच्या थोबाडीत मारावी असं माझ्या मनात आलं. राहीबाईनं मात्र पुढे होऊन त्या पोरीच्या गालावरून हात फिरवला, कडाकडा बोटं मोडली आणि मला ओढत गर्दीत शिरली.

परतीच्या गाडीत बिरवाडी मागे पडेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "कुनाला बोलायचं नाय, बाई."

"शकूला तरी सांगाल की नाही?"

"तिला तर बिलकूल नाय. तुमी वळखत नाय तिला. जिता हाय म्हनून कळलं की ती हलायची नाय. जाईल मुंबईला, सवत म्हनून ऱ्हाईल, त्या बाईची भांडी घाशील. आन् श्रीपतची मानसं तरी मंग कशाला येतील?"

"मग करायचं काय?"

तिनं पुन्हा खिडकीकडे तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर ट्रंक उघडी होती आणि राहीबाईच्या मांडीवर तो निळ्या चौकड्यांचा सदरा होता, बाह्या आणि कॉलर कापलेला. ताप उतरला तशी शकू रानात गेली होती. राहीबाई धावदोरा घालत होती आणि डोळ्यांतलं पाणी टपटप कापडावर पडत होतं. ती पुसतही नव्हती.

"अहो, जिवंत माणूस आहे तो!" मी म्हटलं.

"तुमीच म्हनालात ना, मेला असंल?" तिनं वर न बघता विचारलं. "आता मी म्हनते."

मी खोलीत आले, दार लावून घेतलं आणि ढसाढसा रडले. लाज कशाची? माझंच बोलणं तिनं माझ्या पदरात टाकलं होतं.

आठ दिवस गोधडी घडी घालून पाटीखाली होती. नवव्या दिवशी सकाळी राहीबाईनं ती गडग्यावर पसरली. लाल, पिवळी, हिरवी लुगडी आणि बरोबर मधोमध निळ्या चौकड्या. आधी जानकीबाई आली. वाडीतली सगळ्यांत म्हातारी. तिनं निळ्यावर हात ठेवला, मट्कन खाली बसली आणि गळा काढला. बायका धावल्या. कुठून कळलं, कधी कळलं, कुणीच विचारलं नाही. आईनं स्वतःच्या हातानं लावलेलं कापड, त्यापुढे काय विचारायचं?

शकू पाण्याचा हंडा घेऊन येत होती. तिनं हंडा खाली ठेवला. गोधडीजवळ गेली, निळ्या कापडावरून सावकाश हात फिरवला, खिशाशी थोडा वेळ थांबली आणि घरात निघून गेली.

बायका पांगल्यावर मी जवळ जाऊन पाहिलं. खिशाचं तोंड उघडं होतं.

"राहीबाई, खिसा राहिला."

"दोरा सरला," ती म्हणाली.

मे महिन्यात शकूचं लग्न झालं. ती गोधडी डोक्यावर घेऊनच ती पोलादपूरच्या गाडीत चढली. राहीबाईनं तिला हसून निरोप दिला आणि गाडी वळणाआड गेल्यावर रस्त्यातच बसली. मी आणि जानकीबाईनं तिला धरून घरी आणलं.

त्यानंतर तिनं सुई धरली नाही. वाडीत पोरं जन्मली, म्हातारी माणसं गेली, लोक कापडं घेऊन यायचे. "हात कापतो," म्हणून ती परत पाठवायची. त्याच हातानं भात लावायची, लाकडं फोडायची. अशी पाच वर्षं काढली.

शहाऐंशीच्या थंडीत तिला ताप भरला. तिसऱ्या दिवशी श्वास लागला तेव्हा मी तिच्या कानाशी वाकले. "पत्ता आहे माझ्याकडे. सदूला तार करू का?"

तिनं डोळे उघडले.

"कोन सदू?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

दुपारी शकू आली. एका हाताला तिचा मुलगा, दुसऱ्या हाताखाली ती गोधडी. वापरून वापरून मऊ झालेली, पण स्वच्छ. तिनं ती उलगडून सासूच्या अंगावर घातली. निळ्या चौकड्या बरोबर छातीवर आल्या.

"बरं झालं बाय, सुटली," जानकीबाई डोळे टिपत म्हणाली. "लेकाकडं गेली." बाकीच्या बायकांनी माना हलवल्या. मी पर्स घट्ट धरून बसले. पत्त्याचं तिकीट त्यातच होतं.

बायका पाणी तापवायला बाहेर गेल्या. शकू गोधडी सारखी करत होती. तिची दोन बोटं त्या खिशात होती.

"तेव्हा दोरा सरला होता तिचा," मी उगाच म्हटलं.

"नाय बाई," शकू हळूच म्हणाली. "डब्यात तीन रिळं व्हती. मीच आनलेली महाडवरनं."

म्हणजे पाच वर्षं हिला ठाऊक होतं! सासूनं एवढं केलं, ते वाया जाऊ नये म्हणून पोर गप्प बसली होती.

शकूनं पदराची गाठ सोडली. आत दोरा ओवलेली सुई होती.

मी पर्स उघडली, ते तिकीट काढलं आणि खिशात घातलं. काय आहे, तिनं विचारलं नाही. राहीबाईच्या छातीवर वाकून तिनं खिशाचं तोंड शिवलं. पाच टाके घातले, दोरा दातानं तोडला आणि बाहेर जाऊन माणसांना म्हणाली, "चला, उचला आता."